घराचा हप्ता आणि वसईचा गाळा

प्रश्न

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहतो, वय ४०. आयटीआय करून ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागलो, त्याला १७ वर्षं झाली. आज व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, प्रोग्रॅमिंग आणि एका शिफ्टची सुपरवायझरी माझ्याकडे आहे. पीएफ आणि पतपेढी कापून हातात ४६,००० येतात. मिसेस मुलुंडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिचे २१,०००. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. आई आमच्यापाशीच असते, तिला शुगर आणि बीपी दोन्ही आहे.

आता कर्जाचं सांगतो. २०१८ मध्ये वडिलांची चाळीतली खोली विकली, वर २८ लाखांचं गृहकर्ज काढलं आणि इथे वन बीएचके घेतला. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. हप्ता २४,३००, अजून २३ लाखांच्या आसपास बाकी. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात कंपनीच्या पतपेढीतून ३ लाख उचलले, त्यातले १ लाख ९० हजार राहिलेत. महिन्याला ७,५०० पगारातूनच कापले जातात. कामावरचे दोघं जामीन आहेत. क्रेडिट कार्डावर ६४,००० चढलेत, सध्या नुसता मिनिमम भरतो, ३,२००. बँकेत १ लाख ८० हजारांची एफडी आहे, ती मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलीय. हप्ते धरून घराला ६३,००० लागतात. चारएक हजार उरतात, गणपतीच्या महिन्यात तेही नाहीत.

माझ्याबरोबर सात वर्षं काम केलेला एक जण २०१९ ला बाहेर पडला. वसई पूर्वेला त्याचा भाड्याचा गाळा आहे, एक जुनी व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ. महिन्याला साडेतीन लाखांचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मटेरियलवर मजुरीचं काम, निघतं, जवळजवळ सगळं एकाच पंपवाल्या कंपनीचं. पैसे ७५ ते ९० दिवसांनी येतात. त्याला आता ३२ लाखांची नवी व्हीएमसी घ्यायची आहे. म्हणतो, “तू ये. १२ लाख घाल, ४० टक्के तुझे, आणि पहिल्या महिन्यापासून ५०,००० उचल घे.” त्यातले ८ लाख मशीनचं मार्जिन, ४ लाख खेळतं भांडवल. उरलेलं २४ लाखांचं कर्ज फर्मच्या नावावर, सह्या दोघांच्या. माझे १२ लाख असे उभे राहतात: एफडी, ग्रॅच्युइटी आणि थोडा पीएफ मिळून ६, आणि राजीनाम्याआधी घरावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, घेऊन ६. टॉप-अपची कल्पना त्याचीच. “पगाराची स्लिप हातात आहे तोवर घेऊन टाक,” म्हणतो.

कंपनीत कुजबुज आहे की दोन वर्षांत प्लांट चाकणला जाणार. पण तेवढंच कारण नाही. ताई, ड्रॉइंग हातात आलं की जॉब पकडायला फिक्श्चर कसं लावायचं ते मला लगेच दिसतं. इथे वर्षभर तेच चार जॉब. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज स्वतःचे गाळे चालवतात.

आई ऐकायला तयार नाही. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आईने खानावळीचे डबे करून सावकाराचं व्याज फेडलं. मिसेस म्हणते, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” पण ती मनापासून म्हणत नाहीये, हे मला कळतं. मशीनवाला महिनाअखेरपर्यंतच हा भाव धरून ठेवणार आहे. काय करू?

एक वाचक, भांडुप

उत्तर

भाऊ, मशीनवाल्याची महिनाअखेर ही तुमची तारीख नाही, एवढं आधी मनात पक्कं करा. मशीन विकणाऱ्याचा भाव दर महिनाअखेरीला संपतो आणि एक तारखेला पुन्हा मिळतो. मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, गाळेवाल्यांच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. घाईने घेतलेल्या मशीनचं कोटेशन मी फाइल उघडताच ओळखायची.

माझं मत आत्ताच सांगून टाकते. गाळ्याचा विचार सोडू नका. पण घरावर टॉप-अप घेऊ नका आणि या महिन्यात राजीनामा देऊ नका. आता कारणं सांगते. तुम्ही आकडे इतके स्वच्छ लिहिले आहेत की मला फक्त ते शेजारीशेजारी मांडायचे आहेत.

सुरुवात ग्रॅच्युइटीपासून, कारण भांडवल म्हणून तुम्ही तीच मोजता आहात. तुमचं बेसिक आणि डीए पत्रात नाही. हातात येणाऱ्या रकमेवरून मी २७,००० धरते, तुम्ही स्लिप बघून खरा आकडा घाला. हिशेब असा: शेवटचं बेसिक-डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. १७ वर्षांचे झाले साधारण २ लाख ६५ हजार. आता पतपेढी. तुमची बाकी पगारातून कापली जाते, म्हणजे पगार थांबला की कापणीही थांबते. अशा वेळी सेवकांच्या पतपेढ्या उरलेली रक्कम एकदम मागतात. पोटनियम काढून वाचा, त्यात हे लिहिलेलं असतं. ती तुम्ही दिली नाही, तर तुमच्यासाठी सह्या केलेल्या त्या दोघांच्या पगाराला हात लागतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. रोज एका कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या माणसांत त्यावरून आलेला दुरावा मी पाहिला आहे. तेव्हा ते १ लाख ९० हजार ग्रॅच्युइटीतून वजा करा. उरले ७५,०००.

मग कार्ड. तुमच्या स्टेटमेंटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात महिन्याचा दर छापलेला असतो. पुष्कळ कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ६४,००० वर साडेतीन टक्के म्हणजे २,२४० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४०३. तुम्ही भरता ३,२००. मुद्दलातून कमी होतात साडेपाचशेच्या थोडेसे वर. आणि याच वेळी शेजारच्या बँकेत तुमची १ लाख ८० हजारांची एफडी सहा-सात टक्क्यांवर बसली आहे. भाऊ, ही एफडी मुलीच्या नावाने ठेवली आहे म्हणून तिला हात लावायचा नाही, ही भावना मी समजते. पण कार्डावरचं व्याज मुलीच्याच पैशातून जातं आहे. या आठवड्यात एफडी मोडा, कार्ड पूर्ण भरा, उरलेले १ लाख १६ हजार पुन्हा ठेवा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक थोडं व्याज कापेल, तेवढं कापू द्या.

हे दोन्ही फेडून आज तुमच्याकडे काय राहतं ते बघा. एफडीचे १ लाख १६ हजार आणि ग्रॅच्युइटीचे ७५,०००, मिळून १ लाख ९१ हजार. कार्डाचे ३,२०० सुटले की घरखर्च ५९,८००. वहिनींचे २१,००० वजा जाता महिन्याला जवळपास ३९,००० ची तूट. म्हणजे तुमचा पगार थांबला तर पाच महिनेही घर पूर्ण निघत नाही, आणि हे भांडवलात एक रुपया न घालता. तुमच्या मित्राला जे १२ लाख दिसतात, त्यातले बरेचसे आधीच दुसऱ्यांचे आहेत.

पीएफ या हिशेबात मी मुद्दाम धरला नाही. तुमच्या वयाला तो धंद्यात घालू नये, या मताची मी आहे.

आता घराकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. टॉप-अप तुमच्या आणि वहिनींच्या नावावर निघेल, घराच्या तारणावर. ६ लाखांना तेरा वर्षांच्या मुदतीत ९ टक्क्यांनी साडेसहा हजारांचा हप्ता वाढेल. पैसे मात्र फर्ममध्ये जातील आणि मशीन फर्मच्या नावावर असेल. उद्या तुमचं आणि मित्राचं पटलं नाही, तर मशीन वसईच्या गाळ्यात राहील आणि हप्ता भांडुपला राहील. शिवाय २४ लाखांच्या मशीन-कर्जावर तुमची वैयक्तिक सही असेलच. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या पूर्ण देण्याला जबाबदार असतो. तुमचा हिस्सा ४० टक्के असला तरी बँक तुमच्याकडे शंभर टक्के मागू शकते. २००८ च्या कायद्याखाली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर जबाबदारी मर्यादित होते खरी, पण बँक वैयक्तिक हमी घेते तेव्हा त्या मर्यादेचा फारसा उपयोग राहत नाही. आणि पगाराच्या स्लिपवर टॉप-अप घेऊन पुढच्याच महिन्यात पगार सोडायचा, हे बँकेपासून लपवून करावं लागेल. तसं करू नका.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर बँक तारणाचा ताबा घेऊ शकते. तुमच्या मित्राची पार्टी ९० दिवसांनी पैसे देते. हे दोन ९० एका कागदावर लिहून बघा.

वहिनींबद्दल थोडं लिहिते. टॉप-अपच्या कागदांवर त्यांची सही लागणार. सहकर्जदार म्हणून नवऱ्याबरोबर आलेल्या बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्या. कागदांची चळत पुढे सरकवली की बहुतेकींचा एकच प्रश्न असायचा, “कुठे करायची?” किती रकमेची, कशासाठी, फेडलं नाही तर काय, हे विचारणाऱ्या फार थोड्या. मी जमेल तेव्हा पेन बाजूला ठेवून आधी रक्कम वाचून दाखवायची. तेवढ्याने एखादीचा चेहरा बदलायचा आणि नवरा म्हणायचा, “मॅडम, घरी सगळं बोललोय आम्ही.” “तुम्हाला योग्य वाटेल ते करा” हे उत्तर तुम्ही होकार म्हणून घेतलं नाहीत, पत्रात लिहिलंत, हे मला फार बरं वाटलं. आता त्यांच्यासमोर आकडे ठेवा. त्या लॅबमध्ये दिवसभर आकड्यांतच असतात, तुमच्यापेक्षा लवकर चूक पकडतील.

यानंतर गाळा. तुमच्या मित्राच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गणित बघा. तुमच्या भागात व्हीएमसीचा तासाचा दर काय चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी ४०० रुपये धरते. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, महिन्याचे २५ दिवस, त्यातलं सेटिंग, पॉवर जाणं, मटेरियलची वाट बघणं वजा जाता ७० टक्के वेळ मशीन चालली तर २८० तास. झाले १ लाख १२ हजार. २४ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी जवळपास ५२,०००. दोन ऑपरेटरचे ४०,०००. उरले २०,०००, त्यात वीज, इन्सर्ट, कूलंट, गाळ्याच्या भाड्यातला वाटा आणि रिजेक्शनच्या डेबिट नोटा. मग तुमची ५०,००० ची उचल कशातून निघणार? जुन्या दोन मशीनच्या कमाईतून, म्हणजे आज जे मित्राच्या घरी जातं त्यातून. हे तो किती महिने आनंदाने देईल? माणूस वाईट असावा लागत नाही, तिसऱ्या महिन्यात हात आखडतोच.

याहून महत्त्वाची आहे उधारी, आणि बाहेर पडणाऱ्या चांगल्या कारागिरांच्या ध्यानात हीच गोष्ट उशिरा येते. साडेतीन लाखांचं बिल आणि ९० दिवसांची उधारी म्हणजे आजच साडेदहा लाख त्या पंपवाल्या कंपनीकडे अडकलेले आहेत. नव्या मशीनने महिन्याचं बिल एक-सव्वा लाखाने वाढवलं, की आणखी साडेतीन लाखांच्या आसपास तिकडे जाऊन बसणार. ऑपरेटरचा पगार मात्र सात तारखेला, मशीनचा हप्ता त्याच महिन्यात. काम वाढलं की सुरुवातीला हातातला पैसा कमी होतो. तुमचे खेळत्या भांडवलाचे ४ लाख याच खड्ड्यात जायचे आहेत. वर जीएसटी आहेच. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात तो भरायचा, पार्टीने पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही. साडेतीन लाखांवर १८ टक्के म्हणजे ६३,०००. त्यातून खरेदीवरचं क्रेडिट वजा होतं, पण जॉबवर्कमध्ये मटेरियल पार्टीचंच असल्यामुळे क्रेडिट थोडकंच मिळतं.

कायदा खरं तर तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात २०२४ पासून आणखी एक गोष्ट आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले आता पुरवठादाराचा उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, आपणहून मागतात. मित्राची उद्यम नोंदणी आहे का, ती फुकट होते, आणि बिलावर तो नंबर छापलेला आहे का, हे पहिल्या भेटीत विचारा. सगळं काम एकाच पार्टीचं असलं की माणूस तिच्याविरुद्ध तक्रार करत नाही, हेही मला दिसतं. म्हणून दुसरी पार्टी मिळवणं हे नव्या मशीनच्या आधीचं काम आहे.

आता कामाचं सांगते. आठवडाभराची रजा टाका आणि गाळ्यावर जाऊन बसा. मशीनला हात लावू नका, नेमणूकपत्रात दुसरीकडे काम करण्याला मनाई असते. नुसतं बघा. किती वाजता पहिला जॉब लागतो, टेम्पो कधी येतो, चलनावर सही कोण करतं. आणि मित्राकडे मागच्या दोन वर्षांची बँक स्टेटमेंटं, जीएसटीची रिटर्न आणि विजेची बिलं मागा. विजेचं बिल हा माझा आवडता कागद. ताळेबंद सीए नीटनेटका करून देतो, तोंडाने माणूस काहीही सांगतो, पण मशीन फिरली असेल तरच युनिट पडतात. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. विक्री महिन्याला साडेतीन लाख सांगितली आणि मधल्या तीन महिन्यांत युनिट निम्म्यावर आली असतील, तर त्या तीन महिन्यांत काय झालं ते विचारा. उत्तर चांगलंही असू शकतं, स्पिंडल दुरुस्तीला गेला असेल. पण विचारा.

कागद पटले, तर मित्रापुढे हे ठेवा: “मी येतो, पण वर्षभर पगारावर आणि नफ्यातल्या हिश्श्यावर. भागीदारी त्यानंतर, नोंदणी केलेल्या भागीदारीपत्रावर. घर तारण देणार नाही.” नोंदणी हवीच, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून दावा लावता येत नाही. मशीनचं कर्ज त्याने सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेखाली मागून बघावं. ती योजना तारण नसलेल्या लघुउद्योजकांसाठीच आहे. चालता धंदा आणि स्वच्छ स्टेटमेंटं असतील तर बँक विचार करते. बँकेने नाही म्हटलं, तर तिला त्या कागदांत काय दिसलं, हे तुम्हाला आपोआप कळेल. आणि घराशिवाय तुम्ही नकोच, असं मित्र म्हणाला, तर त्याला काय हवं होतं तेही कळेल.

तारखेबद्दल. कार्ड संपवल्यावर सुटणारे ३,२०० आणि तुमचे उरणारे चार हजार पतपेढीत जास्तीचे भरायला लागा. ७,५०० चे १४,७०० झाले की सव्वा वर्षात ती बाकी निल होते आणि दोन्ही जामीनदार मोकळे होतात. दिवाळीचा बोनसही तिथेच घाला. तोवर मुलीची दहावीची परीक्षा झालेली असेल. तुमची ग्रॅच्युइटी १८ वर्षांची, म्हणजे २ लाख ८० हजारांची झालेली असेल, आणि ती पूर्ण तुमची असेल. एफडी धरून जवळपास चार लाख. आज पाच महिने न पुरणारे पैसे तेव्हा दहा महिने पुरतात. दरम्यान गृहकर्जाकडेही बघा. २०१८ चं बँकेचं कर्ज बहुधा एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरावर, असेल. ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी), जोडली जातात, पण जुनी आपोआप बदलत नाहीत, आपल्याला अर्ज करावा लागतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. शाखेत जाऊन तुमचा दर आणि नव्या ग्राहकाचा दर विचारा. थोडी फी भरून बदलून मिळतो. २३ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. बँक नाही म्हणाली तर दुसरीकडे न्या, फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. हे सगळं नोकरीत असतानाच होतं, पगाराची स्लिप यासाठी वापरा.

आईंच्या औषधपाण्याचंही याच काळात बघा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीचा प्रतीक्षाकाळ मोजला जातो. नव्याने घ्याल तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात. राजीनाम्याआधी एचआरकडून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर घेऊन ठेवा.

चाकणची कुजबुज खरी असेल, तर थांबण्याला आणखी एक कारण मिळतं. मुंबई-ठाण्यातल्या कंपन्या हलताना पुष्कळदा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे पैसे, देतात. मिळेलच असं नाही, पण आज स्वतःहून राजीनामा दिलात तर नक्की मिळणार नाही. आणि प्लांट सव्वा वर्षाच्या आत हललाच, तर व्हीएमसीचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाला वसई, रबाळे, अंबरनाथ, भिवंडी कुठेही काम आहे. तुमचा मित्रही तुम्हाला तेव्हा बोलावेल, कदाचित जास्त चांगल्या अटींवर.

आईंना घाबरट समजू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख गिरणी कामगार होते. कोणाच्या घरी किती महिन्यांचं धान्य आहे, हे बघून ती तारीख ठरलेली नव्हती. आईंनी ते वर्ष सावकाराच्या व्याजात मोजलं आहे. तुमची तारीख तुम्हाला ठरवता येते. त्यांना हे असंच सांगा, आणि पतपेढीचं पासबुक त्यांच्या हातात देऊन ठेवा. बाकी दर महिन्याला किती उतरली, ते त्यांना वाचून दाखवत जा.

तुमच्या पत्रातलं फिक्श्चरचं वाक्य मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं. तोही मशीनशॉपमध्ये आहे. तो म्हणाला, हा माणूस गाळा चालवू शकेल. मलाही तसंच वाटतं, म्हणूनच तुमचे पैसे पहिल्या पाच महिन्यांत संपू नयेत असं मला मनापासून वाटतं. पतपेढीकडून आजची बाकी लेखी घ्या, मित्राकडून विजेची बिलं आणि बँक स्टेटमेंटं घ्या, आणि ती आली की मला पुन्हा लिहा. पुढचे आकडे आपण त्यावरून मांडू.